कोणतं पाप, ते सांगा

घरात कुणी आजारी असेल आणि प्रार्थनेला आलेला माणूस म्हणाला, ‘या घरात कबूल न केलेलं पाप आहे,’ तर त्याला तिथल्या तिथे विचारा, ‘कोणतं?’ मान खाली घालू नका, रडू नका, आठवायला बसू नका. आधी विचारा. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं नाही. आजपर्यंत मिळालेलं नाही. उलट मलाच ऐकवण्यात आलं की, असा प्रश्न विचारणं हीच माझ्या गर्वाची खूण आहे.

आमच्या मंडळीत माझ्याबद्दल काय बोललं जातं ते माझ्या कानावर येतं. ‘बाईंनी प्रार्थनेला आलेल्यांना घराबाहेर काढलं.’ हो, काढलं. का काढलं, ते एकदा नीट सांगून टाकते. आणि ज्यांच्या घरात आज असाच पलंग मांडलेला आहे, त्यांना यातलं काही उपयोगी पडलं तर मला बरंच वाटेल.

आम्ही नगरचे. कागदोपत्री आता अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडी नगरच आहे. १८३१ मध्ये इथे अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. त्या काळापासूनच्या जुन्या ख्रिस्ती घरांपैकी आमचं एक. मी शाळेत शिकवलं. हे सरकारी नोकरीत होते आणि रविवारी उपासनेत गायनाला पुढे. ‘उपासना संगीता’तली कितीतरी गीतं यांना पुस्तक न उघडता येतात. अशा माणसाला पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली आणि उजवा हात, उजवा पाय, वाचा, तिन्ही एकदम गेली. दवाखान्यात वेळेत नेलं होतं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन झटक्यानंतर साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही मिळालं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘बाईंनीच उशीर केला असणार’ हेसुद्धा कुणीतरी बोलून झालं आहे.

वाचा गेली म्हणजे काय, हे लोकांना कळत नाही, आणि पुढचा सगळा त्रास त्यातून झाला. यांना ऐकू येत होतं, माणसं ओळखू येत होती, आपल्यासमोर काय बोललं जातंय ते बहुतेक सगळं समजत होतं. फक्त शब्द सापडत नव्हता. पाणी हवं असलं की ‘पाणी’ हा शब्द ओठांपर्यंत येत नसे, भलताच कुठला तरी येई, आणि तो चुकला हे यांना स्वतःला कळे. याला वाचाघात म्हणतात. बुद्धी जागेवर असते आणि माणूस कोंडलेला असतो. पण भेटायला येणारे पलंगाशेजारी उभे राहून मला विचारायचे, ‘यांना काही समजतं का हो?’ यांच्यासमोर! हा प्रश्न कुणाच्याही घरी जाऊन कधीही विचारू नका. विचारायचंच असेल तर बाहेर व्हरांड्यात विचारा.

तो प्रार्थनेचा गट आमच्याकडे आणला आमच्या थोरल्या वन्संनी. आमच्या मंडळीचे पाळकसाहेब येऊन गेले होते, प्रभुभोजन देऊन गेले होते. पण वन्संचं म्हणणं, या लोकांच्या प्रार्थनेत सामर्थ्य आहे, यांच्याकडे साक्षी आहेत. भावासाठी बहिणीचा जीव तुटत होता, त्यात खोटं काही नव्हतं. मी हो म्हटलं. आणि सुरुवातीला ते खरोखर चांगले वागले. येत, बसत, गाणं म्हणत, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत, चहा घेऊन जात. मला त्या वेळी माणसं हवी होती. मुलगा परगावी, रात्रभर जागरण, दिवसा फिजिओथेरपीवाला आणि गोळ्यांची वेळापत्रकं. अशा वेळी दारात कुणी ‘प्रेज द लॉर्ड, सिस्टर’ म्हणत हसत आलं की बरं वाटतं. ते मी नाकारत नाही.

मग हळूहळू प्रश्न सुरू झाले. घरात काही अडखळण आहे का, कुणाशी वैर आहे का, मुलाचं लग्न कुणाशी झालं, दशांश नियमित जातो का. मी भोळेपणाने उत्तरं देत गेले. सासरच्या जमिनीचा भाऊबंदकीतला जुना दावा, मुलाने समाजाबाहेर केलेलं लग्न, सगळं सांगितलं. पुढच्या आठवड्यात तेच सगळं प्रार्थनेचा विषय होऊन बाहेर आलं, मोठ्या आवाजात, दहा माणसांत, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. तिथून ते आणखी कुठे कुठे गेलं ते मला नंतर कळलं. माझा मुलगा, माझी सून, जिने सासऱ्यांच्या अंगाला तेल लावलं, कपडे बदलले, तिच्या नावाने लोक देवाकडे क्षमा मागत होते, तिलाच न विचारता.

म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा. प्रार्थनेसाठी विषय सांगताना जेवढं गावात पसरलं तरी चालेल, तेवढंच सांगा. ‘यांच्या उजव्या हातासाठी प्रार्थना करा’ एवढं पुरेसं आहे. बाकी देवाला ठाऊक असतं. आणि जो माणूस आजाऱ्याच्या खाण्यापिण्यापेक्षा घरच्या भानगडींची चौकशी जास्त करतो, त्याला दुसरा चहा देऊ नका.

नंतर विषय औषधांवर आला. ‘गोळ्यांवर विश्वास ठेवता की प्रभूवर?’ हा प्रश्न हसतमुखाने विचारला जातो आणि उत्तर द्यायला अवघड वाटतो. अवघड काही नाही. यशया संदेष्ट्याने हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला सांगितलं. पौलाने तीमथ्याला पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. पौलाबरोबर हिंडणारा लूक वैद्यच होता. रक्त पातळ करणारी आणि बीपीची गोळी मनाने बंद केली की दुसऱ्या झटक्याचा धोका वाढतो, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत बजावलं होतं. मी एकही गोळी चुकू दिली नाही. हाच माझा मोठा गुन्हा ठरला. यांना बोलता येत नाही, कारण बायकोचा विश्वास अर्धा केमिस्टकडे आहे.

हसण्यावारी न्यावं असं हे बोलणं. पण रात्री दोन वाजता, माणसाची चादर बदलून झाल्यावर, ते हसण्यावारी जात नाही. मी बायबल लहानपणापासून वाचलेली बाई, संडेस्कूल शिकवलेली, तरी पलंगाच्या कडेला बसून माझं आयुष्य उलटं तपासत बसायचे. आईला शेवटच्या दिवसांत पुरेसं भेटले का? दाव्याच्या वेळी जाऊबाईंना बोलले ते लागलं असेल का? अमुक वर्षी तमुक उपास मोडला होता, ते असेल का? एक आठवून क्षमा मागितली की दुसरं पुढे यायचं. अशा दोषाला तळ नसतो. मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापांगीकार करायचा आणि उठून गेल्यावर काहीतरी राहिलं म्हणून परत यायचा, हे मी वाचलेलं होतं. आपल्याच स्वयंपाकघरात ते घडेल असं वाटलं नव्हतं.

आता, त्यांना घराबाहेर काढलं तो गुरुवार.

त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त लोक आले होते. त्या गटाचे पास्टर पलंगाच्या उशाशी उभे, यांच्या कपाळावर हात. मी पायाशी. वन्सं खुर्चीत. गाणं झालं, प्रार्थना सुरू झाली, आवाज चढत गेला, आणि पास्टर म्हणाले की, या घरातल्या कुणाच्या तरी लपवलेल्या पापाने या माणसाची जीभ बांधून ठेवली आहे, आणि ते पाप बाहेर येईपर्यंत ती सुटणार नाही. यांनी डावा हात उचलून कपाळावरचा हात बाजूला केला. पास्टरांनी तो पुन्हा ठेवला. यांनी पुन्हा काढला. ‘आत्मा झगडतोय,’ पास्टर म्हणाले, आणि सगळ्यांनी आवाज आणखी वाढवला. हे काहीतरी सांगायचा जीव तोडून प्रयत्न करत होते. ‘ते… ते…’ एवढंच तोंडातून निघत होतं. मान हलत होती. मग यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

‘हालेलुया! प्रभूने स्पर्श केला!’

झटक्यानंतर माणसाला कारण नसताना रडू फुटतं, हसू फुटतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं आणि तसं रडू मी अनेकदा पाहिलं होतं. ते येतं आणि जातं, चेहऱ्यावर त्याचं काही राहत नाही. हे ते नव्हतं. हे माझ्याकडे बघत होते. डाव्या मुठीने गादीवर मारत होते. माझा नवरा, आयुष्यभर चारचौघांत ताठ मानेने बोललेला माणूस, त्याच्यावर आणि त्याच्या बायकोवर त्याच्याच खोलीत आरोप चालला होता आणि त्याला ‘हे खोटं आहे’ एवढे तीन शब्द म्हणता येत नव्हते. आणि त्याच्या त्या हतबलतेच्या रडण्याला हे लोक देवाचं काम म्हणत होते.

त्या क्षणी मला सगळं लख्ख दिसलं. इतके दिवस मी माझ्या आत जे शोधत होते ते तिथे नव्हतंच.

मी म्हटलं, ‘कोणतं पाप?’

कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा मोठ्याने म्हटलं, वर्गात म्हणतात तसं. ‘पास्टर, कोणतं पाप, ते सांगा. कुणाचं, कधीचं, काय केलं, नाव घेऊन सांगा.’

खोली गप्प झाली. पास्टर म्हणाले, ‘सिस्टर, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.’ मी म्हटलं, ‘मला ठाऊक नाही, म्हणून तर विचारते. तुम्हाला देवाने सांगितलं म्हणता, तर पुढचंही सांगितलं असेल.’ तेव्हा त्यांनी दावीद राजाच्या बाळाचं उदाहरण दिलं. दाविदाच्या पापामुळे त्याचं लेकरू आजारी पडलं आणि गेलं, शास्त्रात लिहिलंय, सिस्टर.

लिहिलंय, खरं आहे. पण पुरतं वाचा. नाथान संदेष्टा दाविदाकडे गेला तो कोड्यात बोलून परत आला नाही. गोष्ट सांगितली, आणि गोष्ट संपताच तो माणूस तूच, असं तोंडावर सांगितलं. काय केलं, कुणाची बायको घेतली, कुणाला कसं मारवलं, सगळं उघड. दाविदाने कबूल करताच त्याच बैठकीत पापाची क्षमा झाल्याचंही सांगितलं. आणि मग नाथान आपल्या घरी निघून गेला. दर गुरुवारी येऊन तो दाविदाच्या पलंगाभोवती घिरट्या घालत राहिला नाही. देवाने पाठवलेला माणूस असा असतो: पापाचं नाव सांगतो, सुटकेची वाट सांगतो आणि निघतो. हे सगळं मी त्यांना त्या दिवशी म्हणाले नाही, नंतर सुचलं. त्या दिवशी मी एवढंच म्हटलं, ‘या आता तुम्ही सगळे.’

वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या भावाचा श्वास काढून घेतला. सगळे उठले. जाताना एकीने जिन्यावर म्हटलं, ‘आता यांचं काही खरं नाही.’ ते यांना ऐकू गेलं. ते गेल्यावर यांनी डाव्या हाताने दाराकडे बोट केलं, मग कडीकडे. मी कडी लावली.

त्या रात्री मी ईयोब काढून वाचलं. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते, ते त्यांनी केलेलं एकमेव चांगलं काम. तोंड उघडल्यापासून अलीफज, बिल्दद, सोफर तिघांचा सूर एकच: तू काहीतरी केलं असणार. अध्यायच्या अध्याय. आणि शेवटी देवाचा राग पेटतो तो त्या तिघांवर. ज्या ईयोबाने देवाशी भांडण मांडलं, त्याच्याबद्दल देव म्हणतो की तो खरं बोलला. हे मी कितीदा शिकवलं असेल, पण राखेत बसलेल्याच्या जागेवरून कधी वाचलं नव्हतं. योहानाच्या नवव्या अध्यायातही शिष्य जन्मांधाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? प्रभू दोन्ही नाकारतो. शिलोहातला बुरूज कोसळून अठराजण मेले, ते काही यरुशलेमेतले सर्वांत मोठे पापी नव्हते, हेही त्यानेच सांगितलं. आणि ज्या पौलाच्या अंगचे रुमाल नेऊन आजारी बरे व्हायचे, त्याने त्रफिमाला मिलेतात आजारी अवस्थेतच मागे ठेवलं. त्रफिमाचा विश्वास कमी पडला, असा एक शब्द तो लिहीत नाही.

आपल्याच महाराष्ट्रातलं सांगते. पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई १९२१ मध्ये आईच्या हयातीतच गेली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो बायका-मुलींची प्रार्थना सतत चाललेली असताना गेली. १९२२ मध्ये रमाबाईही गेल्या, शेवटपर्यंत बायबलच्या भाषांतराचं काम करत. रमाबाईंच्या घरात लपवलेलं पाप होतं, असं म्हणायची कुणाची छाती आहे? मग नगरच्या एका साध्या घराला हे इतक्या सहज का म्हटलं जातं?

दोषभावनेबद्दल आता मला जे कळलंय ते असं. खरा दोष छोटा आणि नेमका असतो. एकदा दुपारी यांनी तिसऱ्यांदा ताट लोटलं, भाजी सगळी चादरीवर, आणि मी ओरडले. नको ते बोलले. तो दोष खरा होता. कुणी येऊन सांगायची गरज पडली नाही. संध्याकाळी यांच्याजवळ बसून ‘माझं चुकलं’ म्हटलं, यांनी डाव्या हाताने माझा हात थोपटला, रात्री प्रार्थनेत तेच देवाला सांगितलं, आणि झोप लागली. संपलं. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दुःखाचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक देवाकडे वळवणारं आणि दुसरं मरणाकडे नेणारं. माझी कसोटी आता साधी आहे. या दोषाने मला ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे नेलं का? की मला नुसतं पलंगाच्या कडेला बसवून ठेवलं? क्षमा मागून झाल्यावरही जो दोष तसाच ठणकत राहतो, तो पेत्राच्या वाटेने नेत नाही, यहूदाच्या वाटेने नेतो. आणि मन दोषी ठरवत राहिलं तरी देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे, असं योहानाचं पहिलं पत्र सांगतं. त्या तिसऱ्या अध्यायावर मी वहीत खूण करून ठेवली आहे. रात्री जाग आली की तेवढंच वाचते, पुढे काही तपासत बसत नाही.

लिहून काढणं उपयोगी पडतं. जे खुपतंय ते कागदावर लिहा: कोणाला, काय, कधी. लिहिता आलं तर त्या माणसाकडे जा. लिहिता येत नसेल, नुसतं ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ एवढंच येत असेल, तर कागद फाडून टाका आणि झोपा. झोप महत्त्वाची आहे. स्वतःचं बीपी, साखर तपासत जा. सांभाळणाऱ्या माणसाचं कुणी तपासत नाही.

आता धीराबद्दल. तो शब्द मला इतका ऐकवला गेला की वीट आला. ‘सिस्टर, सहन करायला शिका. आपल्या लक्ष्मीबाई टिळकांकडे बघा.’ बघते ना. १८९५ मध्ये त्यांच्या पतीने, टिळकांनी, मुंबईला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, मग स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळेला ख्रिस्ताकडे आल्या. पण त्या कधी गप्प बसल्या? त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या माणसाने तरी असं म्हणू नये. पटलं नाही ते त्यांनी तोंडावर सांगितलं, नवऱ्यालाही सांगितलं. आणि याकोबाच्या पत्रात सहनशीलतेचा नमुना म्हणून ज्याचं नाव घेतलंय तो कोण? ईयोबच. मित्रांना गप्प करू पाहणारा, देवाला जाब विचारणारा ईयोब. धीर धरणं म्हणजे खोट्या आरोपापुढे मुकाट बसणं, असं याकोबाला म्हणायचं असतं तर त्याने दुसरं कुणाचं तरी नाव घेतलं असतं.

त्याच्या जरा आधी याकोब पावसाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याचं सांगतो. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला, इथे ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमचे सासरे मृगाची वाट बघायचे म्हणजे बांधावर बसून राहायचे नाहीत. नांगरट झालेली, कुळवणी झालेली, बी निवडून ठेवलेलं. आपल्या हातातलं सगळं करून झाल्यावर जे हातात नाही त्याची वाट बघायची. मला धीर शिकवला तो असा, आणि शिकवला तो यांच्या एकेका शब्दाने.

हे मी तपशिलाने सांगते, कारण हे मला कुठल्याही प्रवचनात मिळालं नाही. निम्मं स्पीच थेरपिस्ट मुलीने सांगितलं, निम्मं चुकत माकत कळलं. वाचाघात झालेल्या माणसाशी बोलताना आधी टीव्ही बंद करा, पंख्याचा आवाज मोठा असेल तर तोही. समोर बसा, पाठमोरं बोलू नका. एका वेळी एकच प्रश्न. ‘चहा घेता की दूध, की आधी अंघोळ करता?’ असं विचारलं की सगळंच अडतं. ‘चहा हवा?’ एवढंच विचारा, कप दाखवा. मोठ्याने बोलू नका, कान चांगले आहेत. लहान मुलाशी बोलल्यासारखं तर मुळीच नको. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे, शब्द त्यांचा त्यांना शोधू द्या. आपल्याला माहीत असतं काय म्हणायचंय, जीभ शिवशिवते, वाक्य पुरं करून टाकावंसं वाटतं. थांबा. ओठ हलताना दिसतात, कपाळावर आठ्या येतात, घड्याळाचा काटा पुढे जातो, गॅसवर दूध असतं. तरी थांबा. ते स्वतः मदत मागतील तेव्हाच पहिलं अक्षर द्या. गलातीकरांच्या पत्रात आत्म्याच्या फळांमध्ये सहनशीलता आहे, ती माझ्या घरात अशी आली: गॅस बंद करून पाटावर बसणं आणि एका शब्दासाठी थांबणं. आमच्या मंडळीत कुणी पवित्र आत्म्याची खूण विचारली तर मी हीच सांगेन.

भरवताना माणूस नीट ताठ बसलेला हवा, घास छोटा, आणि एक गिळून झाल्याशिवाय दुसरा नाही. ठसका वारंवार लागत असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा भराभर दिसते, मग मंदावते. मंदावली म्हणजे थांबली असं नाही. व्यायाम सोडू नका. चिडचिड आणि उदासपणा या आजारात खूप जणांना येतो, त्यालाही औषध आहे, लाजू नका.

आणि गाणं. हे एक नवल मला देवाने दाखवलं. माझं नाव यांना म्हणता येत नव्हतं, पण सून एकदा भांडी घासताना जुनं गीत गुणगुणत होती आणि पलंगावरून यांचा आवाज आला. शब्दांसकट. चाल बरोबर, शब्द बरोबर, अख्खं कडवं. मी पदर तोंडाला लावून दारात उभी राहिले. थेरपिस्टने सांगितलं, गाण्याच्या कामात मेंदूचा उजवा भागही असतो, तो यांचा शाबूत आहे, म्हणून बोलता न येणाऱ्या काहींना गाता येतं, आणि त्या वाटेने बोलणं शिकवायचा प्रयत्नही करतात. आम्ही तेच सुरू केलं. ‘पाणी हवं’ हे दोन सुरांत म्हणायचं. वन्संच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्या गटात साक्ष दिली गेली की, त्या गुरुवारच्या प्रार्थनेने जीभ सुटली. ज्या गुरुवारी यांना रडवलं, त्याची साक्ष. हे ऐकल्यावर मला जो संताप आला तो अजून पुरता उतरलेला नाही.

क्षमेबद्दल विचाराल तर रोज प्रभूची प्रार्थना म्हणताना त्या ओळीपाशी मी अडखळते, पण म्हणते. सत्तर गुणिले सात हे मला पाठ आहे. क्षमा करणं आणि ही खोली पुन्हा त्यांच्या ताब्यात देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मात्र मी ठरवलं आहे, आणि कुणी क्षमेचं नाव घेऊन दार उघडायला लावत असेल तर उघडू नका. वन्संशी बोलणं पुन्हा सुरू झालंय. नाताळात त्या करंज्या घेऊन आल्या. त्या विषयावर आम्ही दोघी बोललो नाही. बोलावं लागेल, मला माहीत आहे.

आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांनी एवढं करा. जाण्याआधी फोन करा. गेल्यावर आधी आजाऱ्याला सलाम करा, मग घरच्यांना. दहा मिनिटं बसा. सांभाळणाऱ्या बाईला म्हणा, ‘तुम्ही तासभर झोपा, मी बसतो.’ आमच्या मंडळीतले एक म्हातारे गृहस्थ असे येतात, वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवतात आणि जातात. त्यांच्याइतकी मदत मला कुणाची झाली नाही. प्रार्थना करायची असेल तर आजाऱ्याला विचारा. आमच्या यांना आता ‘हो’ आणि ‘नको’ दोन्ही स्पष्ट म्हणता येतं. वेळ लागतो, पण येतं. जे उत्तर येईल ते माना.